सोफ्यापासून डब्यापर्यंत

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन साडेचार महिने झाले आणि तिने गावाला जायचा धोशा लावला. आम्ही लालबागचे, गाव कुडाळजवळ. डॉक्टरांनी परवानगी दिली ती दोन अटींवर: झोपायला खालचा बर्थ आणि कसलीही धावपळ नाही. बर्थचं जमलं. रेल्वेत ज्येष्ठांच्या कोट्यासाठी पुरुषाला 60 वर्षं पूर्ण असावी लागतात, बाईला 45. आई 71 वर्षांची, मी 47 ची, आणि तिकिटावर आम्ही दोघीच. दोघींनाही खालचे बर्थ मिळाले. राहिली धावपळ. ती टाळायची म्हणून मी स्टेशनवरच्या लाउंजमध्ये बसायचं ठरवलं.

त्या वेळी आमची गाडी मुंबईतल्या ज्या टर्मिनसवरून होती त्याचं नाव मी लिहीत नाही. मला कुणा एकाकडे बोट दाखवायचं नाही, आणि जे झालं ते कुठल्याही टर्मिनसवर होऊ शकतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस घेऊन कुणी निघणार असेल तर त्याला आधी माहीत असावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

गाडी रात्रीची होती. आम्ही दोन तास आधी पोचलो. काचेचा दरवाजा, आत गारवा, काउंटरवर एक तरुण मुलगी. तिने पीएनआर नंबर विचारला, मोबाइल नंबर घेतला, तासाप्रमाणे पैसे घेतले आणि वेळ छापलेली चिठ्ठी हातात दिली. चहाचं मशीन होतं, कोपऱ्यात जेवणाची मांडामांड होती, बॅगा ठेवायला रॅक होता. बाहेरच्या घामट गर्दीतून आत आल्यावर आईचा चेहराच बदलला. तिने पदराने मान पुसली आणि म्हणाली, "बरा आसा गो हंय."

मग ती सोफ्यावर बसली, आणि पहिली चूक तिथेच कळली. सोफा खोल आणि मऊ होता. माणूस बसला की कंबर खाली जाते आणि गुडघे वर येतात. फिजिओथेरपीच्या ताईंनी आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलं होतं की खुर्ची उंच हवी, कडक हवी, आणि उठताना रेटा द्यायला हाताचे दांडे हवेत. त्या सोफ्याला दांडे होते, पण गादीच्याच उंचीचे, फुगीर. आईला उठवायला मला आणि शेजारच्या एका गृहस्थांना दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. नंतर तिने पूर्ण वेळ जेवणाच्या टेबलाजवळच्या लाकडी खुर्चीवर काढला. लाउंजमध्ये तिच्यासाठी सगळ्यात सोयीची वस्तू तीच होती.

स्वच्छतागृहाबद्दल मात्र मी चांगलंच सांगेन. कमोड होता, स्वच्छ होता, कडी नीट लागत होती. गुडघा बदललेल्या माणसाला भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसता येत नाही आणि गाडीत दर वेळी कमोडचीच बाजू मोकळी मिळेल असं नाही. म्हणून गाडीत चढण्याआधी एकदा जाऊन येणं फार गरजेचं असतं. निव्वळ या एका कारणासाठी पैसे भरून आत बसावं, असं माझं आजही मत आहे. भिंतीला धरायला आडवा दांडा तेवढा नव्हता. आईने उठताना नळ धरला आणि माझ्या पोटात गोळा आला.

बरोबर घावणे आणि सुकी चटणी होती. बाहेरचं खाणं आत चालत नाही असं त्या मुलीने सांगितलं, अगदी नम्रपणे सांगितलं. आईने डबा पुन्हा पिशवीत ठेवला. जेवू गाडीत, आम्ही म्हटलं.

समोरच्या पडद्यावर गाड्यांची यादी फिरत होती. मराठी, हिंदी, इंग्रजी, पुन्हा मराठी. आमच्या गाडीपुढे वेळ होती, प्लॅटफॉर्मची जागा रिकामी होती. गाडी सुटायला पाऊण तास उरला तेव्हाही रिकामीच. मी काउंटरवर विचारलं. "मॅडम, बोर्डावर येईल," ती म्हणाली. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, तेच उत्तर. तिच्याकडेही तोच पडदा होता, तिला वेगळं काही कळायची सोय नव्हती. बाहेरची अनाउन्समेंट काचेतून आत येत नव्हती, आणि आत टीव्हीवर बातम्या चालू होत्या. आई मला म्हणाली, "बसाक बरा आसा, पण गाडी खंय लागली ता कोण सांगतलो?"

तिच्या या प्रश्नामागे खूप जुनी सवय आहे. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली 1998 च्या जानेवारीत. त्याआधी आमचं गावाला जाणं परळ डेपोतून एसटीने. तिथे बसायला धड बाक नसे, रात्रभराचा प्रवास, पण कंडक्टर गाडीच्या दाराशी उभा राहून "कणकवली, कुडाळ, सावंतवाडी" असं खणखणीत ओरडायचा. म्हातारं माणूस दिसलं की सामान आधी वर घ्यायचा. तिच्या मनात प्रवास म्हणजे कुणीतरी हाक मारणार आणि मग आपण उठणार.

तिथे कुणी हाक मारली नाही. बावीस मिनिटं उरली असताना मी आईला लाकडी खुर्चीवर बसवून स्वतः बाहेर गेले. प्लॅटफॉर्मवर चौकशी केली तर हमाल म्हणाला, गाडी केव्हाची लागली आहे, अर्धा तास होऊन गेला. मी परत आले, सामान घेतलं, आईला उठवलं, आणि आम्ही लाउंजच्या दारातून बाहेर पडलो तेव्हा बारा मिनिटं उरली होती.

बारा मिनिटं पुष्कळ वाटतात. पण टर्मिनसवर रूळ जिथे संपतात त्या टोकाला आपण असतो. वेटिंग रूम, लाउंज, तिकीट खिडक्या सगळं तिकडे. इंजिन दुसऱ्या टोकाला, मुंबईबाहेर तोंड करून. आमचा डबा इंजिनापासून चौथा होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी ते बघितलंच नव्हतं. मी फक्त डब्याचं नाव पाठ केलं होतं, तो उभा कुठे राहणार याचा विचार केला नव्हता. आताच्या या लाल-करड्या एलएचबी डब्यांची लांबी साधारण 24 मीटर. 22 डब्यांची गाडी धरली तर इंजिन सोडूनच अर्धा किलोमीटरच्या वर जाते. आम्हाला शेवटच्या डब्यापासून पुढचे अठरा डबे ओलांडायचे होते, म्हणजे 400 मीटरहून जास्त. आई घरात काठी घेऊन चाळीच्या गॅलरीच्या चार फेऱ्या मारायची आणि बसायची.

आम्ही गार्डाच्या डब्यापाशी पोचलो. गार्ड दारातच उभे होते. त्यांनी आईच्या काठीकडे पाहिलं, विचारलं, "कुठला डबा?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तिथपर्यंत नाही पोचणार. स्लीपर लागले की मिळेल त्या डब्यात चढा आणि आतून पुढे जा. घाई करू नका, त्यांना पडू देऊ नका." आजही मला तो माणूस आठवतो. त्यांच्या हातात दिवा होता आणि आवाजात घाई नव्हती.

आम्ही मधल्या एका स्लीपरच्या दारापाशी थांबलो. प्लॅटफॉर्म आणि डब्याची जमीन यांच्यात दीडेक फुटाचं अंतर असतं, मध्ये लोखंडी पायरी. चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली, हा नियम आईला पाठ होता. पण मागून लोक येत होते, कुणाची तरी बॅग तिच्या काठीला लागली, आणि तिने घाबरून ऑपरेशनचाच पाय आधी टाकला. तिच्या तोंडून आवाज निघाला तो मला विसरता येत नाही. दारातल्या एका मुलाने खाली उतरून तिला काखेत धरून वर घेतलं.

गाडी सुटली आणि चालत्या गाडीत आम्ही सात डबे पुढे गेलो. दोन डब्यांमधल्या जोडावरची पत्र्याची पट्टी पायाखाली हलते, ती प्रत्येक वेळी ओलांडताना आई थांबायची, दोन्ही हातांनी कडा धरायची, गाडीचा झोका ओळखायची आणि मग पाय टाकायची. पॅन्ट्रीतून जाताना तिथल्या पोराने उकळत्या भांड्यापुढे पाठ करून उभं राहून तिला वाट दिली. बर्थवर पोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता. तिने घावणे खाल्ले नाहीत. सकाळी गुडघा सुजला होता.

तक्रार केली. रेल मददवर, पीएनआर घालून. लाउंजमध्ये अनाउन्समेंट ऐकू येत नाही, प्लॅटफॉर्म नंबर वेळेवर दिसत नाही, काउंटरवरच्या माणसाला गाडी लागल्याचं कळायची सोय नाही, एवढंच मुद्देसूद लिहिलं. दोन दिवसांनी फोन आला, समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, संबंधितांना कळवते म्हणाल्या. मला त्यांच्याकडून माफी नको होती. लाउंजच्या काचेच्या दारापाशी कुणीतरी उभं राहून "कुडाळवाले, चला" म्हणावं, एवढंच हवं होतं.

शिमग्याला पुन्हा जायचं होतं. आई आधी नको म्हणाली. मग पालखीचे दिवस जवळ आले तशी गप्प बसून राहायला लागली. मी म्हटलं, या वेळी मी डब्यापासून मागे मोजत येते.

कोकणकन्याचं तिकीट काढलं, सीएसएमटीपासूनचं. लालबागहून दादर जवळ पडतं आणि गाडी तिथेही थांबते, नातेवाईक म्हणत होते दादरलाच चढा. पण दादरला गाडी येते आणि काही मिनिटांत निघते, आणि तेवढ्यात सगळी गर्दी एकाच दारातून आत घुसते. सीएसएमटीवरून ती सुटते, म्हणून तिथे ती आधी येऊन उभी राहते. रात्री 11:05 ला सुटणाऱ्या गाडीत साडेदहाला शांतपणे चढता येतं. दहा मिनिटांच्या चढण्यासाठी अर्धा तास मिळतो. गुडघ्यासाठी याहून मोठी सोय मला दुसरी माहीत नाही.

आदल्या दिवशी एनटीईएसच्या, म्हणजे रेल्वेच्या गाड्यांची माहिती देणाऱ्या अॅपमध्ये डब्यांचा क्रम बघितला. तो इंजिनापासून मोजलेला असतो, हे लक्षात ठेवायला हवं. आमचा डबा इंजिनापासून चौदावा होता. म्हणजे सीएसएमटीला आत शिरणाऱ्या माणसाच्या बाजूने नववा, साधारण 200 मीटर. परतीला मुंबईत शिरताना इंजिन रुळांच्या बंद टोकाकडे असतं, तेव्हा हाच हिशोब उलटा होतो. हेही कागदावर लिहून ठेवलं.

200 मीटर आई चालू शकली असती, पण आम्ही व्हीलचेअर घ्यायची ठरवली. तिला पटवायला दोन दिवस गेले. तिचं म्हणणं, लोक काय म्हणतील, मी काय पांगळी आहे? मी म्हटलं, तुझी सगळी ताकद मला त्या पायरीसाठी हवी आहे, प्लॅटफॉर्मवर संपवायची नाही. हे तिला पटलं. मग रोज संध्याकाळी चाळीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती तेवढंच करायची. कठडा धरायचा, चांगला पाय वर, मग दुसरा. उलटं फिरून, ऑपरेशनचा पाय खाली, मग दुसरा. तळमजल्यावरच्या काकू दारात बसून मोजायच्या.

निघताना टॅक्सीवाल्याला सांगितलं की पी. डिमेलो रोडच्या गेटने घ्या. तिकडून आत शिरलं की 18 नंबरचा प्लॅटफॉर्म जवळ पडतो आणि मेल गाड्यांची बाजू लगेच लागते. सीएसएमटीचे पहिले सात प्लॅटफॉर्म लोकलचे, आठपासून अठरापर्यंत लांबच्या गाड्यांचे. दर्शनी बाजूने गेलं तर लोकलच्या गर्दीतून आडवं चालत यावं लागतं. पण आई म्हणाली, एकदा पुढून घे, मला बोरीबंदर बघायचं आहे. तिच्या तोंडी अजून बोरीबंदरच. 1853 साली पहिली गाडी ठाण्याला निघाली ती इथल्याच बोरीबंदरहून, आणि ही आताची इमारत 1888 साली पूर्ण झाली. रात्रीच्या दिव्यांत घुमट उजळला होता. टॅक्सीवाल्याने गाडी जरा हळू केली. आई काचेला नाक लावून बघत होती आणि माझं लक्ष घड्याळाकडे होतं, पण वेळ भरपूर होता.

भाचा आधीच पोचला होता, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून. त्याचं तिकीट दोन तास चालतं, तेवढ्यात काम होणार होतं. त्याला कामं वाटून दिली होती. स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात जाऊन व्हीलचेअर मागायची, ओळखपत्र ठेवून ती मिळते. ढकलायला हमाल ठरवायचा आणि पैसे आधीच बोलून घ्यायचे. मग इंडिकेटरखाली उभं राहायचं आणि प्लॅटफॉर्म लागला की मला फोन करायचा.

आम्ही मेल गाड्यांच्या बाजूला पैसे भरून बसायच्या एसी वेटिंग रूममध्ये गेलो. या वेळी मी आत शिरल्याबरोबर सोफे बघितले नाहीत, कडक खुर्ची शोधली. मिळाली. आईला आधी स्वच्छतागृहात नेलं. जेवण घरूनच करून निघालो होतो, त्यामुळे डब्याचा प्रश्न आला नाही. पडद्यावर गाडीपुढची जागा याही वेळी बराच वेळ रिकामी होती. मला त्याचं काही वाटलं नाही. हमालदादांनी भाच्याला सांगितलं होतं की रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची रांग, यार्डातून निघाला की आम्हाला कळतं, तू निवांत राहा. लाल शर्ट, दंडाला पितळी बिल्ला, वय आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी कमी असेल. त्यांनी तिला "मावशी" म्हटलं आणि विचारलं, "गाव खंयचा?" ते सावंतवाडीकडचे निघाले. त्यानंतर दोघांच्या बोलण्यात मला फारसं काम उरलं नाही.

दहा वाजून बावीस मिनिटांनी ते स्वतःच दारात आले. भाच्याचा फोन त्याच क्षणी वाजला, पण मी तो उचलायच्या आधी ते दार अर्धं उघडून आत डोकावून म्हणाले, "मावशी, चला, गाडी इली." आईने माझ्याकडे बघितलं.

प्लॅटफॉर्मच्या कडेला छताला टांगलेल्या छोट्या पाट्यांवर लाल अक्षरांत डब्यांची नावं येत होती. मी मोजत होते, आणि नवव्या पाटीवर आमचं नाव आलं. गाडी लागून दोनच मिनिटं झाली होती, दाराशी चार माणसं. हमालदादांनी व्हीलचेअर दाराला समांतर लावली, चाकांचे ब्रेक ओढले, बॅगा आधी आत ठेवल्या आणि मग मागे येणाऱ्यांना हाताने थांबवून म्हणाले, "एक मिनिट, आमची मावशी चढतेय." कुणी कुरकुर केली नाही. आईने काठी माझ्याकडे दिली, दोन्ही दांडे धरले आणि तशीच क्षणभर उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. तळमजल्यावरच्या काकू मोजायच्या तसं ती मोजत होती. चांगला पाय वर. मग दुसरा.

बर्थवर बसल्यावर तिने पिशवी उघडली आणि हमालदादांच्या हातात दोन लाडू ठेवले. ठरल्यापेक्षा जास्त पैसे ते घेईनात, लाडू घेतले. भाच्याने व्हीलचेअर परत केली, आपलं ओळखपत्र घेतलं, खिडकीशी येऊन हात हलवला. गाडी सुटली तेव्हा आई पांघरूण घेऊन झोपलेली होती, दादर आलेलंही तिला कळलं नाही.

सकाळी कुडाळला दादा स्टेशनवर आला होता. तो दाराखाली हात पुढे करून उभा राहिला आणि घाईघाईने तिचा हात ओढायला लागला. तिने त्याचा हात बाजूला केला, दांडा धरला आणि म्हणाली, "थांब रे. आधी ऑपरेशनाचो पाय."